तीन चाकांची तऱ्हा

मैत्रिणींनो, रिक्षात मागे बसून तुम्ही बाजाराला, दवाखान्यात, माहेरी शेकडो वेळा गेला असाल. पण पुढच्या सीटवरून रस्ता कसा दिसतो, ते ऐकायचंय?

पाठीच्या दुखण्यामुळे आमच्या ह्यांना डॉक्टरांनी वर्षभर रिक्षा चालवायला मनाई केली. रिक्षा दारात उभी, पण पतसंस्थेचा हप्ता थोडाच उभा राहतो! सासूबाई चार दिवस गप्प होत्या. मग भाकरी थापता थापता म्हणाल्या, "धार काढताना म्हस लाथ मारती, तिला भीत न्हाईस. रिक्षा काय लाथ मारती व्हय?" झालं! लायसन काढलं, पुढं बॅजही.

शिकवलं भावजींनी. डाव्या मुठीतच क्लच आणि गियर. दाबायचं आणि त्याच दमात मनगट फिरवायचं. ब्रेक उजव्या पायाशी. पहिल्या आठवड्यात मनगट असं दुखलं, की कणीक मळवेना.

आता खरी गंमत. तिवई कशी, खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल मात्र डुगडुगतं. पण तिवईच्या कडेवर भार पडला, की ती पटकन कलंडते. रिक्षाचं अगदी तस्सं. मागं दोन चाकं, पुढं एकच. म्हणजे पुढची बाजू निमुळती. वळणात ब्रेक दाबला, की सगळा भार त्या निमुळत्या बाजूला धावतो आणि आतलं मागचं चाक उचलायला बघतं. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, वळणात नव्हे. सामानगडाच्या वळणांवर हे फार उपयोगी पडतं. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा मोह तर मुळीच नको!

खड्ड्यांचं दुखणं वेगळंच. मोटारवाला खड्डा दोन चाकांच्या मधे घेतो, स्कूटरवाला बगल देतो. आपण मधे घ्यावा, तर पुढचं चाक नेमकं त्यातच! पण बाजारच्या दिवशी मिरचीच्या पोत्यांमधून, एवढ्याशा बोळात गर्रकन वळावं ते रिक्षानंच. त्या वेळी मोटारवाल्याचं तोंड बघण्यासारखं असतं.

आणि तीन चाकं म्हणजे फक्त रिक्षा, असं समजू नका हं. इंग्लंडात १९७३ साली रिलायंट रॉबिन नावाची तीन चाकी मोटार निघाली. पुढं एक चाक, म्हणजे वळणाची खोड हीच. आपल्याकडेही सत्तरच्या दशकात बंगळूरला 'बादल' नावाची तीन चाकी मोटार तयार होत असे.

बायकांचं म्हणाल, तर परभणीच्या शीला डावरे १९८८ साली पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. देशातल्या पहिल्या रिक्षावाल्या म्हणून लिम्का बुकात त्यांची नोंद झाली. राज्य सरकारनं २०२४ मध्ये बायकांसाठी पिंक ई-रिक्षाची योजना आणली, तिच्या शहरांत आपलं कोल्हापूरही होतं. गडहिंग्लजला मात्र मला बघून अजून काहीजणी पुढच्या रिक्षाला हात करतात. एकदा बसल्या, की दुसऱ्यांदा हाक मारतात, हेही खरं.

ह्यांची पाठ आता बरी आहे. सकाळच्या फेऱ्या माझ्या, दुपारनंतरच्या ह्यांच्या. हप्ते फिटत आलेत. भांडण होतं ते एवढ्यावरूनच, की माझा आरसा कुणी हलवला!