काल्पनिक मुळे

वर्गसमीकरणाचा विवेचक ऋण आला, की मुळे वास्तव नाहीत असे नोंदवून दहावीचे पुस्तक थांबते. भास्कराचार्यांनीही (११५०) ऋण संख्येला वर्गमूळ नाकारले. इटलीच्या कार्डानोने १५४५मध्ये १०चे असे दोन भाग मागितले, की त्यांचा गुणाकार ४० यावा. ५ ± √−१५ हे उत्तर त्याने निरुपयोगी ठरवले, पण खोडले नाही. आम्हां मराठीच्या अध्यापकांना हे न खोडणेच मोठे वाटते. देकार्तने १६३७मध्ये अशा मुळांना ‘काल्पनिक’ म्हटले. (हा शब्द आम्ही कादंबरीविषयी किती सैलपणे वापरतो!) एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातल्यासारख्या प्रत्यावर्ती विजेत दाब आणि प्रवाह यांची लय जुळेनाशी झाली, की ते अंतर अभियंते उणे एकच्या वर्गमुळानेच मांडतात. तो काल्पनिक भाग वगळला, तर तारांवरच्या भाराचा हिशेब चुकतो.