कप कुणाचा? पंडितांचा की गनींचा?

विदर्भ एक्सप्रेसचं शेवटचं स्टेशन कोणतं? नागपूर म्हणालात तर चुकलात! मुंबईहून संध्याकाळी निघालेली ही गाडी सकाळी नागपूरला अर्धीअधिक रिकामी होते आणि मग अजून 130 किलोमीटर पुढे धावते. भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा... खिडकीबाहेर नुसती धानाची शेतं. आणि मग येतं गोंदिया.

महाराष्ट्र इथे संपतो. एका बाजूला मध्य प्रदेशातलं बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. शहरात राइस मिल्स, बाजारात मराठी, हिंदी आणि पोवारीची मिसळ. एकाच वाक्यात तिन्ही ऐकू आल्या तर दचकू नका. आणि स्टेशनबाहेर तर्री पोह्यांच्या गाडीवर क्रिकेटचा विषय काढलात, तर प्लेट संपली तरी वाद संपत नाही.

वाद कसला? सचिन की विराट हा जुना झाला. इथला वाद खास घरचा आहे. विदर्भाचा मोठा कोच कोण? चंद्रकांत पंडित की उस्मान गनी?

बाहेरून आलेला मास्तर

थोडा फ्लॅशबॅक. विदर्भाची टीम रणजी खेळायला लागली 1957-58 मध्ये. त्यानंतर जवळजवळ 60 वर्षं ती फायनलच्या आसपासही फिरकली नाही. मोठ्या टीम्ससाठी विदर्भाची मॅच म्हणजे हक्काचे पॉइंट्स!

2017-18 च्या सीझनला पंडित आले. अस्सल मुंबईकर, रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीतले, शिस्तीला एकदम कडक. पहिल्याच वर्षी सेमीफायनलला कर्नाटकला 5 रन्सनी हरवलं आणि इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीला 9 विकेट्सनी धुतलं. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक त्याच मॅचमधली, अक्षय वाडकरचे 133 सुद्धा. फैझ फझलच्या हातात कप आला तो 1 जानेवारी 2018 ला. न्यू इयर गिफ्ट म्हणतात ते हेच! पुढच्या वर्षी जामठ्याच्या ग्राउंडवर सौराष्ट्रला 78 रन्सनी हरवून कप राखला. त्या फायनलमध्ये आदित्य सरवटेच्या 11 विकेट्स होत्या. दोन्ही वर्षी इराणी करंडकही घरी आला.

2020 मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले आणि 2022 मध्ये त्यांनाही रणजी जिंकून दिली. तीही बंगळुरूच्या त्याच मैदानावर, जिथे 1999 मध्ये ते स्वतः मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून फायनल हरले होते. सिनेमावाल्याने लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही हं!

घरातला माणूस

गनींची गोष्ट अशी फिल्मी नाही. ते विदर्भाकडूनच रणजी खेळलेले. टीमला 60 वर्षांत काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते आतून माहीत असलेला माणूस. त्यांच्या हाताखाली 2023-24 ला टीम फायनलला गेली आणि वानखेडेवर मुंबईकडून 169 रन्सनी हरली. ‘पंडित गेले, दिवस गेले’ म्हणणाऱ्यांना आयतंच कारण मिळालं.

पुढच्याच सीझनला सेमीफायनलमध्ये तीच मुंबई जामठ्याला आली आणि 80 रन्सनी हरून गेली. फायनलला समोर केरळ. विदर्भ 379, केरळ 342. मॅच ड्रॉ, पण पहिल्या डावातल्या 37 रन्सच्या आघाडीवर 2 मार्च 2025 ला कप पुन्हा नागपुरात. त्या सीझनला यश राठोडने 960 रन्स काढले, तर हर्ष दुबेच्या 69 विकेट्स म्हणजे एका रणजी सीझनचा नवा रेकॉर्ड. ऑक्टोबर 2025 मध्ये इराणी करंडकही आला.

आता गंमत बघा. या फायनलमध्ये केरळकडून 79 रन्स काढून विदर्भाला घाम फोडणारा कोण? आदित्य सरवटे! पंडितांच्या काळातला हिरो आता समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये. आणि कप उचलणारा कॅप्टन कोण? अक्षय वाडकर. इंदूरला 133 काढणारा तोच पोरगा.

मग मोठा कोण?

पंडितवाले म्हणतात, “भाऊ, पहिला कप आणणारा तो पहिलाच. बाकी सगळे त्याच्या रस्त्यावरून चालले.” गनीवाले म्हणतात, “बाहेरचा माणूस येतो, जिंकून देतो, निघून जातो. घर सांभाळतो तो घरचाच!” पंडितवाल्यांचा हुकमी एक्का वसीम जाफर, 2018-19 मध्ये 1037 रन्स. गनीवाल्यांचा करुण नायर, केरळविरुद्धच्या फायनलमध्ये 86 आणि 135. पण दोघंही बाहेरूनच आलेले! म्हणजे ‘घरचा’ आणि ‘बाहेरचा’ हा हिशेब दोन्हीकडे सारखाच फसतो.

अमेरिकेत अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल कोचेसवरून असाच वाद आहे. बेअर ब्रायंट आणि निक सेबन, दोघांच्या नावावर तिथे सहा-सहा राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांनी सोपा मार्ग काढला. स्टेडियमबाहेर दोघांचेही पुतळे उभे केले!

पुतळ्याचं राहू द्या. कोचची खरी परीक्षा तो गेल्यावर होते. पंडितांनी टीमला जिंकायची सवय लावली, पण ती खरंच लागली होती हे दाखवलं गनींनी. 2025 चा कप नसता, तर पंडितांची दोन वर्षं म्हणजे लागलेली लॉटरी ठरली असती. म्हणजे पंडितांचा वारसा गनींनी सिद्ध केला आणि गनींचा आता त्यांच्यानंतर येणारा करणार.

मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या प्रत्येक वैदर्भीय मुलामुलीला यातलं काहीतरी टोचतं. आमच्याकडे चांगलं घडायला बाहेरून कुणी यावंच लागतं का? आणि शिकायला आम्हाला बाहेर जावंच लागतं का? क्रिकेटने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. दुसरा अजून बाकी आहे. विदर्भाचे जिल्हे 11, पण क्रिकेटची सगळी सूत्रं नागपुरात. गोंदियाच्या पोराला मोठ्या क्रिकेटसाठी आधी ते 130 किलोमीटर पार करावे लागतात. पुढच्या कोचने कप आणावाच, पण कधीतरी विदर्भ एक्सप्रेसमध्ये शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून यावं. पोहे आमच्याकडून!

जायचंय?
कसे जाल : मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस, पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस. दोन्ही थेट गोंदिया.
काय पाहाल : नवेगाव बांधचा तलाव, नागझिऱ्याचं जंगल. पावसाळ्यात दरेकसाजवळचा हाजरा फॉल.
काय टाळाल : पोह्यांच्या गाडीवर ‘दोघंही ग्रेट’ म्हणणं. तिथे बाजू घ्यावीच लागते!