नमुना आठवरचं नाव

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं आहे. गाळप सुरू झालं की साखरपट्ट्यात जिथे तिथे पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. ऊसतोडीच्या या धंद्यात माणसं नाही, कोयते मोजतात. आणि एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते तीही जोडीला. नवरा वारलेली किंवा नवऱ्याने टाकलेली बाई एकटी आली तर ती अर्धा कोयता. एकट्या पालकाच्या घरालाही आपण हेच अर्धं माप लावतो, आणि तिथलं मूल बावरलेलं दिसलं की खापर आईच्या स्वभावावर फोडतो. मला हे साफ चुकीचं वाटतं. घरातली शांतता आईच्या सोशिकपणावर नाही, उद्याही आपण याच छपराखाली असू या खात्रीवर टिकते.

ही खात्री मूल फार बारकाईने तपासत असतं. ओसरीवर दिराचा आवाज चढतो, 'घर आमच्या बापाचं आहे' हे वाक्य आत येतं, तेव्हा गोधडीखालचं मूल झोपलेलं नसतं. मग आईने कितीही थोपटलं तरी त्याला माहीत असतं, की तिलाच इथून उठवलं जाऊ शकतं. वास्तविक हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ पासून विधवेला मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस मानलं आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्कही दिला. पण हक्क कायद्यात असतो आणि नाव ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर. तो उतारा कर-आकारणीचा, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, हे खरं; तरी भांडण पेटलं की गावात आधी तोच काढून दाखवतात.

यावर कुणी म्हणेल, कागदाने पोट भरत नाही. बरोबर आहे. संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार रुपये आणि बालसंगोपन योजनेचे मुलामागे सव्वादोन हजार म्हणूनच लागतात, आणि ते वेळेवर लागतात. कारण ठरलेल्या तारखेला येणारी थोडी रक्कमसुद्धा किराणा आणि वह्या-पुस्तकांचा घोर कमी करते. लांबलेली रक्कम घरात चिडचिड आणते. दुसरा आक्षेप अधिक जुना: बापाचा धाक नसला तर पोरं वाया जातात. धाकाने मूल गप्प बसतं, निर्धास्त होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईच्या अखंड मायेवर भर दिला, आणि मुलं हवीत तर समाजाने आधी त्यांच्या आईबापांना जपावं, हेही बजावलं. आपण पहिला भाग तेवढा उचलला. बायको गेलेल्या बापालाही हाच आधार लागतो. फक्त त्याला घराबाहेर काढायची भाषा सहसा कुणी करत नाही.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आईचं नाव सक्तीचं झालं. मग घराच्या उताऱ्यासाठी तिने पंचायतीत खेटे का घालावेत? मृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडेच होते. तेराव्याला सगळे भाऊबंद जमलेले असताना त्यानेच रजिस्टर घेऊन घरी जावं, वारसांची नावं सर्वांसमक्ष लिहावीत, आणि त्यांत मृताच्या बायकोचं नाव सुटणार नाही याची जबाबदारी त्याच्यावर टाकावी.