आधी ब्रेक, मग वेग

रेसिंग कार बनवतोय असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "किती पळते रे?" मेसच्या काकूंपासून गावच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा हाच प्रश्न. इलेक्ट्रिक आहे म्हटलं की दुसरा प्रश्न : "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" पण "थांबते कशी?" हे मला आजवर एकाच व्यक्तीने विचारलं. आमच्या ड्रायव्हरच्या आईने!

तर मित्रहो, हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

टीममध्ये मोटर आणि बॅटरी ही 'हिरो'ची कामं आधीच वाटली गेली होती. उरलं ब्रेकचं, ते माझ्या गळ्यात पडलं. त्यातही अर्ध्या टीमचं मत असं, की ब्रेकवर पैसे घालायचेच कशाला? इलेक्ट्रिक गाडी आहे, रिजनरेशन आहे. पाय उचलला की मोटरच जनरेटर होते, गाडी मंदावते आणि वर बॅटरीही भरते. म्हणजे आम के आम, गुठलियों के दाम! शिवाय फॉर्म्युला ई चा दाखला होताच. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला हुसेनसागरच्या काठी धावलेल्या तिसऱ्या पिढीच्या गाड्यांना मागच्या चाकांवर नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक नव्हतेच. मग आपल्यालाच का हवेत?

उत्तर आंबा घाटात आहे. साखरप्याकडे उतरणारा एसटीचा ड्रायव्हर बघा. सगळी भिस्त ब्रेकवर न ठेवता तो गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवतो, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. रिजन म्हणजे आपलं तेच इंजिन-ब्रेकिंग. फरक एवढाच, की इंजिन कधी "आता पोट भरलं" असं म्हणत नाही. बॅटरी म्हणते! फुल्ल चार्ज बॅटरीत आणखी करंट ढकलता येत नाही. म्हणजे शर्यतीच्या पहिल्या फेऱ्यांत, जेव्हा ड्रायव्हर सर्वात उत्साहात असतो, नेमकं तेव्हाच रिजन सर्वात कमी मिळतं. शिवाय फॉर्म्युला ई च्या गाडीत पुढेही मोटर आहे, तीही रिजन करते. आमची एकच मोटर, तीही मागे.

आता थोडं गणित (एम-थ्री एवढं अवघड नाही, घाबरू नका). ड्रायव्हरसकट आमची गाडी साधारण २९० किलो. दीड 'जी'ने ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं आणि पुढच्या चाकांवर सुमारे २१० किलो येतं, मागे उरतं जेमतेम ८०. म्हणजे खरं थांबवण्याचं काम पुढची चाकं करतात आणि रिजन मात्र मागच्या हलक्या चाकांना धरतं. ओल्या ट्रॅकवर ते जास्त झालं तर मागची चाकं लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते.

नियमही हेच ओळखून केलेले आहेत. फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या स्पर्धेत इलेक्ट्रिक गाडीने वेग घ्यायचा, मोटरचा पुरवठा बंद करायचा आणि मग फक्त हायड्रॉलिक ब्रेकवर चारही चाकं लॉक करून दाखवायची. एक चाक जरी फिरत राहिलं तरी शर्यतीत उतरता येत नाही. फॉर्म्युला भारतच्या अनेक स्पर्धा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर झाल्या. तिथवर जायचं आणि गाडी न पळवता परत यायचं, म्हणजे वर्षभराच्या जागरणावर पाणी.

कॅलिपरचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. परदेशी रेसिंग कॅलिपर मिळतात देखणे, पण किंमत ऐकूनच ब्रेक लागतो! आम्ही मोटरसायकलकडे वळलो. चाकणला बनलेल्या केटीएम ड्यूकला ब्रेम्बोच्या बायब्रे नावाचे कॅलिपर आले. बाइकचा कॅलिपर हलका, जोरकस आणि मुख्य म्हणजे त्याचे सील उद्या सकाळी मिळतात. पुढे फिक्स्ड प्रकारचा घेतला. फ्लोटिंग कॅलिपर सरकत्या पिनांवर चालतो आणि भाट्याच्या खाऱ्या वाऱ्यात त्या पिना कधी गंजून बसतील, नेम नाही.

खरी भांडणं झाली ती पॅडवरून. एक गट म्हणाला, रेसिंग पॅडच हवेत. पण रेसिंग पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. ताशी १०० किलोमीटरला आमच्या गाडीत साधारण ११० किलोज्यूल ऊर्जा असते, त्यातलीही काही रिजन खातं. पॅड तापणार कधी? हां, १४०० किलोची रस्त्यावरची इलेक्ट्रिक कार ट्रॅकवर नेली तर गोष्ट वेगळी. तिथे जवळजवळ पाचपट ऊर्जा, तेव्हा मोठ्या डिस्क आणि उष्णता सोसणारे पॅडच पाहिजेत.

दुसरा गट म्हणाला, सर्वात स्वस्त घ्या, राहिलेल्या पैशांत टायर येतील. पण त्या स्वस्त पॅडच्या पाकिटावर कसलाच आकडा नव्हता. चांगल्या पॅडच्या कडेला बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं गरम असतानाचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. आमच्या गणितात ०.४ चा पॅड असेल तर पेडलवर सुमारे ३० किलोचा जोर लागतो, ०.३ चा असेल तर ४०. कागदावर दहा किलोचा फरक. पण तो पाय कुणाचा? आमच्याच विंगमधल्या पोराचा, विसाव्या फेरीला थकलेला. मी मीटिंगमध्ये एवढंच विचारलं, "याच्या आईला कुठला आकडा सांगायचा?" कुणी काही बोललं नाही. थंडपणी पकडणारे बाइकचे सिंटर्ड पॅड ठरले. जुनेच टायर आणखी एक वर्ष चालवायचे, हेही ठरलं.

ग्राउंडमागच्या रस्त्यावर चाचणी घेतली. मोटर बंद, पेडल दाबलं... डांबरावर चार काळे पट्टे! वर्कशॉपचे मामा वाकून एकेक पट्टा मोजून आले आणि म्हणाले, "चारच हत रे!" त्या दिवशी मेसची डाळसुद्धा गोड लागली.

ज्युनिअर्ससाठी तीन गोष्टी. नवे पॅड लावले की मध्यम वेगातून पुन्हापुन्हा ब्रेक मारून ते बसवून घ्या, पहिल्याच दिवशी लॉक करू नका. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ नव्याने किमान २३० अंशांना उकळतं, तर मुरलेलं १५५ ला. तेव्हा आपल्या चार महिन्यांच्या पावसानंतर ते बदलाच, उघडी बाटली जपून ठेवू नका. आणि पाऊस पडला की आधी रिजन कमी करा, मग गाडी बाहेर काढा.

पुढच्या वर्षी कुणी विचारेलच, किती पळते? खुशाल सांगा. फक्त त्याआधी ब्रेकच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशीचा पेडलचा जोर लिहिलाय ना, ते बघा.