टिकाव, घमेले आणि पाठीवरची सॅक

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या वस्त्यांतून सहली निघतात. वर्गणी जमते, बस ठरते, पहाटे 'जयभीम'च्या घोषात बस सुटते आणि दोन दिवसांत चार ठिकाणे पाहून, फोटो काढून मंडळी घरी परततात. त्यात वाईट काहीच नाही. पण आम्ही मरोळ परिसरातील अकरा जण, त्यात चार मुली, 2018 च्या मे महिन्यात जरा निराळ्या रीतीने बाहेर पडलो. पाठीवर सॅक, रेल्वेचे साधे तिकीट, एकवीस दिवसांचा बेत आणि त्यातील आठ दिवस श्रमदानासाठी राखून ठेवलेले.

कल्पना आमची नव्हे. बाबा आमटे यांनी 1985-86 मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर आणि 1988-89 मध्ये इटानगर ते ओखा अशा 'भारत जोडो' यात्रा तरुणांना सायकलीवर बसवून काढल्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या सोमनाथ प्रकल्पावर 1967 पासून त्यांची श्रमसंस्कार छावणी 15 ते 22 मे या काळात भरत आली. तिथेच जायचे आम्ही ठरविले.

विहारात हा बेत सांगितला तेव्हा एका आजोबांनी विचारले, "आमच्या बापाने गावाची फुकट कामे केली. तुम्ही रजा काढून फुकट माती उपसायला निघालात काय रे पोरांनो?"

प्रश्न जिव्हारी लागला. कारण वतनाच्या तुकड्यासाठी महाराने रात्री-अपरात्री सांगावे पोचवायचे, गावाची मेलेली ढोरे ओढायची, हा इतिहास फार जुना नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र 1958 साल उजाडले. तेव्हा 'विनामोबदला श्रम' हा शब्द आपल्या कानाला गोड लागत नाही, आणि लागूही नये. आमच्यातील एका मुलीने उत्तर दिले, "आजोबा, त्यांना नाही म्हणता येत नव्हते. आम्हाला येते." आजोबा गप्प राहिले, पण पटल्यासारखे दिसले नाहीत.

पहिला मुक्काम नागपूर. दीक्षाभूमीचे वर्णन या पानावर करण्याची गरज नाही. गाडीत मात्र एका सहप्रवाशाने "सेवेला चाललोय" हे ऐकून आमचे कौतुक केले आणि लगेच प्रत्येकाचे पूर्ण नाव विचारले. आडनावे ऐकल्यावर ते खिडकीबाहेर पाहू लागले. असो.

नागपूरहून शंभरेक किलोमीटरवर वरोरा. महारोगी सेवा समितीची स्थापना 1949 ची, तिचेच हे आनंदवन. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना बाबा आमटे यांनी स्वतः मैला वाहण्याचे काम केले होते, हे बऱ्याच जणांनी वाचले असेल. ही गोष्ट मोठीच आहे. तरीही आमच्यात त्यावर रात्री उशिरापर्यंत वाद झाला. त्यांना ती पाटी खाली ठेवता येत होती. ज्यांच्या डोक्यावर ती जन्माने आली, त्यांना येत नव्हती. आजोबांचा प्रश्न असा आमच्याबरोबर प्रवास करीत होता.

आनंदवनात आम्ही केवळ पाहुणे होतो. एक नियम आम्ही निघतानाच केला होता: कुणाच्या हाताचे, पायाचे फोटो काढायचे नाहीत. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. बोटे गेलेला माणूस हा रोगी नसून बरा झालेला कामकरी असतो. त्याच्याकडे टक लावून पाहणे म्हणजे पर्यटन नव्हे.

तिथून जवळच भद्रावती. विजासन टेकडीतील बुद्धलेणी मुंबईकरांना फारशी ठाऊक नाहीत. सरळ बोळ डोंगराच्या पोटात जातो, टोकाला तथागताची बसलेली मूर्ती. डावी-उजवीकडे आणखी दोन बोळ, तिथेही मूर्ती. बाहेर पारा पंचेचाळिसावर आणि आत गारवा. चंद्रपूरलाही थांबलो. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी इथेही दीक्षा दिली, हे आमच्यातील निम्म्या जणांना तिथे उभे राहिल्यावर कळले.

मग सोमनाथ. पहाटे उठायचे, ऊन चढण्याआधी टिकाव, फावडे, घमेले घेऊन मातीकाम, दुपारी व्याख्याने, रात्री गाणी. माणसांची रांग लावून घमेली हातोहात पुढे सरकायची. त्या रांगेत आडनाव लागत नव्हते. "दादा, घे", "ताई, सांभाळ", एवढेच. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले. टिकाव नीट धरायला आम्हाला शिकविले ते तिथल्याच एका काकांनी. त्यांच्या उजव्या हाताला दोनच बोटे शाबूत होती आणि त्यांचा घाव आमच्या सर्वांपेक्षा खोल बसत होता.

खरे बोलायचे तर आम्ही आठ दिवसांत उपसलेली माती तिथल्या सवयीच्या हातांनी निम्म्या वेळात उपसली असती. आमचे जेवणखाण धरले तर हिशेब बहुधा उणेच यावा. आमच्यातला एक जण एमआयडीसीत वायरमन आहे. त्याने एका दुपारी बंद पडलेल्या मोटरचा स्टार्टर दुरुस्त केला, तेच काम सर्वांत उपयोगी झाले असे आमचे मत आहे. म्हणून कुठेही सेवेला जाणाऱ्यांनी आधी पत्र पाठवून किंवा फोन करून विचारावे, की तुम्हाला काय हवे आहे? शिवणकाम, सुतारकाम, हिशेब लिहिणे, जे येत असेल ते सांगावे. छावणीची तारीख आणि शुल्कही तेव्हाच विचारून घ्यावे.

परतताना जळगावला उतरून अजिंठा पाहिला. (सोमवारी लेणी बंद असतात, बेत आखताना ध्यानात ठेवावे.) चित्रांपुढे गर्दी होती. आम्ही मात्र चोविसाव्या, अपुऱ्या राहिलेल्या लेण्यात बराच वेळ रेंगाळलो. अर्धवट सोडलेले खांब आणि छिन्नीच्या खुणा यांच्यावर फोड आलेला हात फिरविला, तेव्हा या खुणा करणाऱ्यांना काय मिळत असेल, त्यांना नाही म्हणता येत असेल का, हा विचार आधी आला आणि सौंदर्याचा नंतर.

ज्यांना तीन आठवड्यांची रजा मिळत नाही, त्यांच्यासाठी मरोळच्या उशाशीच कोंडिविट्याची, म्हणजे महाकालीची लेणी आहेत. दोन रांगांत मिळून एकोणीस. नवव्या लेण्यातला स्तूप गोल भिंतीच्या आत असून त्या भिंतीला दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. आम्ही अधूनमधून रविवारी तिथे जातो. पुरातत्त्व खात्याच्या रखवालदाराला विचारून बाटल्या, पिशव्या, कागद तेवढे गोळा करतो. भिंती, मूर्ती, अक्षरे यांना पाणी, ब्रश, खडू काहीही लावायचे नाही. दगड ठिसूळ आहे आणि कायद्याने ते स्मारक संरक्षित आहे. पाणी घरून न्यावे. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, लहान मुलांचा हात धरून चालावे.