गोळी आणि टेकडी

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, असे माझे ठाम मत होते आणि ते मी कुणापासून लपवलेही नव्हते. रोज पहाटे तळजाईची टेकडी, दोन वेळचे मोजके जेवण, गोडाची फारशी ओढ नाही, चाळिशीत शिवलेली पँट साठीनंतरही कमरेला बसते. अशा माणसाला इतरांकडे पाहताना जी एक सात्त्विक तुच्छता वाटते, ती मला भरपूर वाटायची. कुणी म्हणाले, ‘मला शुगर निघाली,’ की माझी नजर आधी त्याच्या पोटाकडे जायची. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर माझे भाषण ठरलेले असे. त्याचा मथितार्थ एवढाच, की ज्यांना जीभ आवरत नाही त्यांना गोळ्या घ्याव्या लागतात. टाळ्या पडायच्या. ज्यांच्या खिशात गोळ्यांची पाकिटे होती, तेही टाळ्या वाजवायचे. पुणेकर श्रोता सभ्य असतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत माझीच साखर वाढलेली निघाली. पहिला संशय अर्थातच प्रयोगशाळेवर घेतला. दुसरीकडे रक्त दिले, आकडा तसाच. एचबीए१सी या तपासणीने तर पळवाटच ठेवली नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात रक्तात जेवढी साखर फिरते, त्या मानाने ती त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटते. त्यामुळे आदल्या दिवशी लंघन करून या आकड्याला फसवता येत नाही. ५.७च्या खाली ठीक, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. मी पुढे होतो.

“अहो डॉक्टर, माझं वजन तरी बघा,” मी म्हणालो.

“बघितलं. वजन किती आहे ते काटा सांगतो, कशाचं आहे ते नाही सांगत.”

मग त्यांनी मला ज्या संशोधनाविषयी सांगितले, ते पुण्यातच, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर झालेले होते. आयुष्य या शहरात काढून मला त्याचा पत्ता नव्हता. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून पुण्याजवळच्या काही खेड्यांतल्या गर्भवती बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची होती. तुलनेला घेतलेली इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपली बाळे लहान असणार, हे कुणीही सांगितले असते. आश्चर्य पुढे होते. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार, असे शरीर घेऊनच ती जगात येत होती.

याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले एक छायाचित्र डॉक्टरांनी मला दाखवले. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी आहेत. उंचीच्या हिशेबात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी आदर्श. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघेही सडपातळ. मी त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिलो. इतकी वर्षे ज्या नजरेने मी लोकांची पोटे तपासत होतो, ती नजर किती कुचकामी होती याचा तो पुरावा होता.

घरी आल्यावर आईची आठवण झाली. मी पोटात असताना ती शेतात राबत होती आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसत होती. तिच्या ताटात काय उरत असेल, हा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता. तिला दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण मी आयुष्यभर ज्याला माझा संयम म्हणत होतो आणि दुसऱ्याचा असंयम म्हणत होतो, त्याच्यातला मोठा भाग माझ्या जन्माआधीच ठरून गेलेला असू शकतो, हे मान्य करणे मला जड गेले. टेकडीमुळे माझा मधुमेह कदाचित दहा वर्षे लांबला असेल. हेही डॉक्टरांनीच सांगितले, बहुधा माझा चेहरा बघून.

इथे माझे मत बदलायला हवे होते. ते अर्धेच बदलले. आजार आळशांचाच असतो हे सोडले, पण गोळी म्हणजे शरणागती, हे पकडून ठेवले. त्या दिवसांत महाराष्ट्रात आहाराचे दोन पंथ जोरात होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत आटपा. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळाने, घरचे, तूप-भातासकट खा. एकाच सोसायटीत दोन व्हॉट्सअ‍ॅप गट होते आणि लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलणे बंद होते. मी कुणाचेच धड ऐकले नाही, स्वतःचा तिसराच पंथ काढला. भात बंद, पोळी बंद, फळ बंद, रात्री मुगाचे एक धिरडे. साखर उतरली. वजनही उतरले आणि त्याबरोबर मांड्या गेल्या. टेकडीवरच्या पायऱ्यांना कठडा धरावा लागू लागला, तेव्हाही मला वाटत होते की हे यशच आहे.

डॉक्टरांनी जे समजावले ते माझ्या भाषणात कधीच नव्हते. जेवल्यावर रक्तात आलेली साखर साठवून घेण्यात आणि वापरण्यात स्नायूंचा वाटा सर्वांत मोठा असतो. मूळचेच स्नायू कमी असलेल्या म्हाताऱ्याने उपाशी राहून तेच जाळले, तर साखरेने जायचे कुठे? ब्रिटनमध्ये मधुमेहींनी वजन उतरवून औषधे सोडल्याचा जो गाजलेला प्रयोग आहे, तो मी त्यांच्या तोंडावर फेकला. २०१७ साली त्याचे पहिले निष्कर्ष आले. जवळजवळ निम्म्या लोकांचा, म्हणजे ४६ टक्क्यांचा, मधुमेह वर्षभराने औषधाविना आटोक्यात होता. डॉक्टर म्हणाले, खरे आहे, आणि दुसऱ्या वर्षअखेरीस ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, हेही खरे आहे. शिवाय ते लोक वजनदार होते, आजार सहा वर्षांच्या आतला होता, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांना सर्वाधिक यश आले. “तुमच्याकडे १५ किलो आहेत का काका, द्यायला?”

माझ्या भाषणातला आणखी एक हुकमी आकडा होता. अमेरिकेतल्या २००२च्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत आहार-व्यायामाने धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. गोळी हरली, असे मी व्यासपीठावरून जाहीर करायचो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्याच लोकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. त्यात जीवनशैलीने धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, गोळीने २६.४ टक्क्यांनी. म्हणजे आपल्याकडे दोन्ही जवळपास बरोबरीत, आणि दोन्ही एकत्र केल्याने विशेष भर पडली नाही. शिवाय हे दोन्ही प्रयोग आजार होऊ नये म्हणून होते. मला तो होऊन चुकला होता. अमेरिकेचा आकडा मी पाठ केला, चेन्नईचा शोधलाही नाही; मला हवा होता तो मिळाला होता.

तरीही मला खरे वळवले ते आकड्यांनी नाही. एका संध्याकाळी माझ्यासाठी वेगळे धिरडे, नातवासाठी पोळी आणि स्वतःसाठी आमटी-भात असे तीन स्वयंपाक उरकून ही ओट्यापाशी टेकली आणि म्हणाली, “तुमचं पथ्य माझ्या अंगावर येतंय हो.” हिला बीपी आहे, बऱ्याच वर्षांपासून. सकाळी चहाआधी गोळी, आमटीत मीठ बेताचे, पापड सणालाच, संध्याकाळी शेजारणीबरोबर बागेला फेऱ्या. यातल्या कशाचेही तिने कधी भाषण केले नाही. तिची गोळी मी इतकी वर्षे रोज पाहत होतो आणि तिला कधी कमकुवत मनाची म्हटले नव्हते. माझा सगळा निग्रह तिच्या हातांवर चालला होता आणि तिची साधी शिस्त माझ्या हिशेबात कुठेच नव्हती.

गोळी मी दुसऱ्या दिवशी सुरू केली. टेकडी रोज चढतो, दात रोज घासतो, त्यातलीच ती एक. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते, म्हणून ते अधूनमधून तपासतो. आता घरात एकच स्वयंपाक होतो आणि कोशिंबीर, उसळ माझ्याकडे आहेत. मटकीला मोड आणणे हे टेकडी चढण्यापेक्षा कठीण काम आहे, हे मला फार उशिरा कळले. ताटात तेच पदार्थ, क्रम बदलला. आधी भाजी-उसळ, भात शेवटी आणि थोडा. त्याने जेवणानंतरची साखर कमी उसळते. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालतो, पहाटेच्या टेकडीइतकाच त्याचाही मान ठेवतो. आठवड्यातून काही दिवस रबरी पट्टे ओढतो, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करतो. ज्वारीची भाकरी म्हणजे साखरमाफी, हा माझा समज ग्लुकोमीटरने मोडला. दोन भाकऱ्या या शेवटी दोन भाकऱ्याच.

उपवासाचे मात्र भांडण मिटलेले नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वर शेंगदाण्याची आमटी. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांना ग्लुकोमीटरशिवाय कळले होते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, हे मी बहिणीला सांगून पाहिले. “भाऊ, देवाधर्मात शुगर आणू नकोस,” असे उत्तर आले. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण चमचाभर म्हणते. आपण भाजीतल्या मिठावर डोळा ठेवतो आणि लोणचे, फरसाण, खारी यांना सोडून देतो. पाव तर खारटही लागत नाही, मीठ मात्र असते. सैंधव खाल्ले की बीपी वाढत नाही, असे मानणारे निम्मे पुणे आहे. ते गुलाबी असले तरी बहुतांश सोडियम क्लोराईडच. चीनच्या खेड्यांत २१ हजारांच्या आसपास लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले मीठ वापरल्याने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मला हा उपाय आवडतो, कारण त्यात कुणाला सज्जन व्हावे लागत नाही, फक्त बरणी बदलावी लागते. पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचे ठरू शकते. म्हणून आमच्या हिने आधी डॉक्टरांना विचारले. मी असतो तर विचारले नसते.

एक गोष्ट मात्र अजून घशाखाली उतरत नाही. २०२३ साली आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत आणि राज्यांत गोवा सर्वांत पुढे, २६.४ टक्के. एवढी सगळी माणसे एकाच वेळी लोभी आणि आळशी झाली, यावर माझा आता विश्वास नाही. आमच्या सोसायटीचा रखवालदार बारा तासांची रात्रपाळी करतो, पहाटे कोपऱ्यावर वडापाव खातो, दिवसा पत्र्याच्या खोलीत जमेल तसा झोपतो. रात्रपाळीने मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका वाढतो, हे आता पुरेसे सिद्ध आहे. त्याला मी कोणती टेकडी सांगू? त्याची पाळी आठ तासांची करावी, असा ठराव मी सोसायटीच्या सभेत मांडला. देखभाल खर्च वाढेल म्हणून तो पडला. विरोधात बोललेल्यांपैकी दोघे माझ्याबरोबर रोज चालायला असतात.

यंदा संघाने पुन्हा भाषण ठेवले आहे. फलकावर ‘मधुमेहाला हरवा’ असे शीर्षक रंगवूनही झाले आहे. मी अट घातली, की आधी सगळ्यांचे बीपी मोजायचे, सोसायटीतले रखवालदार आणि घरकामाच्या बायकांचेही. पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीला ठेवून आणि मोजताना गप्प राहून. शेवटची अट आमच्या सभासदांना जमेल असे वाटत नाही. समितीने ती मान्य केली. आता वाद एवढाच आहे, की भाषण जेवणाआधी ठेवायचे की नंतर. जेवणात जिलबी आहे. मी नंतरचा आग्रह धरला आहे, आणि श्रोत्यांनी ते सभागृहाभोवती चालत ऐकावे असेही सुचवले आहे. अध्यक्ष म्हणतात, मग टाळ्या कशा वाजवायच्या?