ओळखीच्या वाटा

वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. जिल्हा मात्र अलीकडचा, १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झालेला. बालाजी मंदिराच्या परिसरात सकाळी आपण घटकाभर थांबलात, तर ठरावीक वेळी, ठरावीक वाटेने येणारी वृद्ध मंडळी दिसतील. त्यांना कुणी वाट सांगावी लागत नाही. दुकानदार नावानिशी ओळखतो, उधारी त्याच्याच वहीत असते, आणि परतायला उशीर झाला तर शेजारचा एखादा नातू शोधायला निघतो.

वैद्यकाच्या नजरेने पाहता असे गाव म्हणजे वृद्धांच्या स्मृतीला दिलेली काठीच होय. काठीमुळे लंगडणे झाकले जाते, तसा स्मृतिभ्रंशही येथे बराच काळ झाकलेला राहतो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरचेही सोडून देतात. पुढे पुण्यात नोकरीस असलेला मुलगा दिवाळीनंतर वडिलांना आपल्या फ्लॅटवर नेतो आणि आठवड्यात त्याचा फोन येतो : बाबा रात्री उठून ‘घरी जायचं’ म्हणतात, संडासाऐवजी बाहेरचे दार उघडतात, इथे आल्यावर एकदम बिघडले. बहुधा आजार जुनाच असतो. सुटलेली असते ती काठी.

म्हणून तो गावातच ओळखावा. एखाद्या दूरच्या सोयऱ्याचे नाव चटकन न आठवणे हे वयाचे लक्षण. परंतु आठवडी बाजारात सुट्या पैशांचा हिशेब न जुळणे, तोच प्रश्न तासाभरात पाचव्यांदा विचारणे, स्वतःच्या वावराच्या वाटेवर गोंधळणे, ही लक्षणे वेगळी. आपल्या देशात साठीपुढील शंभरांपैकी सुमारे सात जणांना हा विकार असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळला.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीला घड्याळाचे चित्र काढायला सांगून काय कळणार? तिला विचारावे, यंदा काय पेरले, पोळा होऊन गेला की यायचा आहे, नातीची सोयरीक कुठे जमली. मानोरा तालुक्यातील तांड्यांवरच्या वृद्धांना हे बंजारा बोलीतच विचारावे, नाहीतर भाषेची अडचण आजार समजली जाईल.

प्रत्येक विस्मृती असाध्य नसते. माळकरी किंवा जैन घरांत ब जीवनसत्त्वातील बी-१२ची कमतरता जरूर तपासावी. थायरॉइडचा विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या वा सर्दीच्या गोळ्या, काही आठवड्यांपूर्वी डोक्यास बसलेला मार, यांनीही माणूस विसराळू भासतो. आणि कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती आज असंबद्ध बोलू लागली, तर तो जंतुसंसर्ग किंवा रक्तातील क्षारांचा बिघाड असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खऱ्या स्मृतिभ्रंशात गोळ्यांचा उपयोग काहींना, तोही मर्यादित. उपयोगी पडते ती घडी न मोडणे. शहरात न्यावेच लागले तर जुनी गोधडी, चहाची तीच वेळ, संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा. ‘घरी जायचं’ म्हटल्यावर वाद घालू नये; घरचा विषय काढून बोलते करावे. शेतीच्या वाटणीचे कागद समज शाबूत असतानाच करावेत. पुढे त्या सह्यांवरून भावाभावांत जे होते ते आपण पाहतोच. रात्रंदिवस राबणाऱ्या सुनेलाही आठवड्यातून एक दिवस मोकळा हवा, हे तिला स्वतःहून मागावे लागू नये. सल्ल्यासाठी ज्येष्ठांकरिता १४५६७ आणि मानसिक आरोग्याकरिता १४४१६ हे शासनाचे दूरध्वनी क्रमांक आहेत.

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत अशा आजोबांना न्यायचे असेल, तर जरूर न्या. नाव, गाव आणि मुलाचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मात्र बंडीच्या आतल्या खिशात शिवून टाका. वरच्या खिशातली तंबाखूच्या पुडीबरोबर बाहेर पडते.